दंडावरचा बिल्ला आणि काहिलीजवळची बादली

गेली अकरा वर्षं मी लोकांना एकच प्रश्न विचारते आहे: काल काय खाल्लं? आणि गेली अकरा वर्षं लोक मला प्रेमानं खोटं सांगत आले आहेत.

मी मधुमेहाच्या दवाखान्यात समुपदेशक आहे. त्याआधी नर्स होते, म्हणून सगळे अजून सिस्टरच म्हणतात. दवाखाना शिरूरला. दर गुरुवारी डॉक्टर आणि मी यवतला बसतो. डॉक्टर औषध लिहून देतात, आणि ते औषध घरात, शेतात, लग्नाच्या पंगतीत, कंपनीच्या कँटीनमध्ये कसं निभावायचं ते मी शिकवते. इंजेक्शन कुठं घ्यायचं, पायाला जखम आहे का ते आरशात कसं बघायचं, बोट टोचून साखर कशी मोजायची. प्रत्येक गोष्टीची माझ्याकडे यादी असते. माझा नवरा पाहुण्यांना सांगतो, "हिच्या याद्यांचीसुद्धा एक यादी आहे." आहे. निळ्या वहीच्या पहिल्या पानावर.

खोट्याचे प्रकारही मी लिहून ठेवलेत. "गोड अजिबात नाही" म्हणणारे श्रीखंडाला भाजीत धरतात. उपासाच्या साबुदाण्याला कुणी खाणं म्हणत नाही. पण माझ्या वहीत पहिला नंबर मांडवगण फराट्याच्या एका माजी सरपंचांचा. दिवसाला चहा किती, तर दोन. शपथेवर दोन. डॉक्टरांनी त्यांना सेन्सर लावला आणि आठवड्यानं आलेख उघडला, तर मंगळवारची सकाळ कंगव्यासारखी दिसत होती. दात मोजता येतील अशी.

"मामा, मंगळवारी नऊ ते एक काय केलं?"

"काय न्हाई. सोसायटीची निवडणूक हाय, जरा फिरलो."

"किती घरं?"

"अकरा."

"आणि चहा?"

"चहा कुठला वो! घोटघोटच, बशीतनं."

बशीतला चहा हा चहा नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. "न्हाई म्हणलं की मत गेलं, सिस्टर," असंही त्यांनी समजावून सांगितलं. मग आम्ही दोघांनी बसून तोड काढली. त्यांनी घरोघरी आधीच निरोप धाडला, सरपंच बिनसाखरेचा घेतात. निवडून आले. पेढे घेऊन दवाखान्यात आले आणि माझ्यासमोर एकही खाल्ला नाही. मागं काय केलं ते सांगता येत नाही, कारण तोवर सेन्सर निघाला होता.

सेन्सर म्हणजे मोठ्या नाण्याएवढी पांढरी चकती. दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायची. तिच्याखाली केसासारखी बारीक मऊ तार असते, ती कातडीखाली बसते. लावताना मुंगी चावल्याएवढंही दुखत नाही, पण मोठमोठे पैलवान डोळे घट्ट मिटून बसतात आणि लावून झाल्यावरही उघडत नाहीत. मग चौदा दिवस ती चकती दर थोड्या मिनिटांनी कातडीखालची साखर मोजते आणि मोबाइलला कळवत राहते. अंघोळ करा, नांगर धरा, झोपा, तिचं काम चालू. आमच्याकडे तिला सेन्सर कुणी म्हणत नाही. बिल्ला म्हणतात. "ह्याला बी बिल्ला लावलाय का?" असं लग्नात एकमेकांच्या दंडाकडे बघून विचारतात.

बोट टोचून साखर कळतेच की, मग हे कशाला, असं कुणीही विचारेल. बोटाची तपासणी म्हणजे शाळेत आलेले साहेब. ते येतात त्या घटकेला वर्ग चिडीचूप. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी म्हणजे निकालपत्रक. पास की नापास ते कळतं, कुठल्या तासाला दंगा झाला ते कळत नाही. आणि बिल्ला म्हणजे शेवटच्या बाकावर बसून सगळं बघणारी मुलगी. ती कुणाला मारत नाही, ओरडत नाही, पण विचारलं की सगळं सांगते. आलेखात सत्तर ते एकशेऐंशी असा एक हिरवा पट्टा असतो. दिवसातला जास्तीत जास्त वेळ रेघ त्या पट्ट्यात राहिली की आम्ही खूश. वर गेली म्हणजे साखर वाढली, खाली गेली म्हणजे कमी झाली. लोकांना वाढलेल्या साखरेची धास्ती असते. मला कमी झालेल्या साखरेची जास्त असते. वाढलेली साखर वर्षानुवर्षं पोखरते. कमी झालेली उभ्या माणसाला पाच मिनिटांत आडवं करते.

एवढी ओळख पुरे. आता किसनआप्पांचं सांगते.

आप्पा राहूचे. वय एकसष्ट, अंगानं काटक, मिशी पांढरी. ते गुळव्या आहेत. गुऱ्हाळावर उसाचा रस भल्यामोठ्या कढईत उकळत असतो, तिला काहील म्हणतात. पाक कुठल्या क्षणी चुलाणावरून खाली घ्यायचा ते एकच माणूस ठरवतो, तो गुळव्या. जरा आधी उतरवला तर ढेप बसत नाही, जरा उशीर झाला तर करपते. चाळीस वर्षं हे आप्पा ठरवत आले होते, आणि आसपासचे बागायतदार आपला ऊस तोडण्याआधी आप्पा रिकामे आहेत का ते विचारून घ्यायचे.

गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी ते यवतला आले ते मुलगा आणि बायको यांच्या मधे बसून. पोलीस आरोपीला आणतात तसे. मुलगा संदीप रांजणगावच्या कंपनीत लाइन सुपरवायझर. त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. रोज दुपारी चारला आप्पांनी गुऱ्हाळावर बोट टोचून मीटरचा फोटो त्याला पाठवायचा, असा त्यानं नियम केला होता.

"रीडिंग बघा सिस्टर. घरी सकाळी एकशे अठरा, एकशे चोवीस. ओके. गुऱ्हाळावर चारला दोनशे अडुसष्ट, दोनशे एक्याण्णव, तीनशे दहा. सिम्पल आहे. गूळ खातात."

"खात न्हाई," आप्पा म्हणाले.

"मग साखर काय धुरातून चढते?"

"खात न्हाई म्हनलं ना. तीन वर्सं झाली, जिभंला लावला न्हाई."

"मग गुळाची पारख कशी करता?"

"पारख बोटानं आन् कानानं व्हती. पाकाचा थेंब पान्यात सोडायचा, गोळी वळायची, काहिलीच्या काठावर हानायची. आवाज येतो तसा गूळ. जिभंचं काय काम तिथं?"

ताराकाकूंनी पदर सावरला. "मला तर वाटतंय, खात असत्याल. संध्याकाळी घरी आले की नुसते खेकसत्यात. चोरी धरली की मानूस चिडतंच."

"कालवनात मिठाचा खडा टाकायच्याऐवजी गोणी टाकतीस, म्हनून चिडतो."

मी हसू दाबलं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मीही संदीपच्या बाजूची होते. अकरा वर्षांची सवय. दिवसभर गुळाच्या ढिगात उभा राहणारा माणूस जिभेला गूळ लावत नाही, हे मला अकरा घरच्या बशीतल्या चहासारखंच वाटलं.

डॉक्टरांनी आधीच्या भेटींत असेच फोटो बघून जेवणाआधीची गोळी महिन्याभरात दोनदा वाढवली होती. आकडे त्यांच्या कागदावर उतरवून मीच दिले होते. तरी चारचा आकडा हलत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "बिल्ला लावू. चौदा दिवसांत कळेल."

संदीपनं लगेच अट घातली. "आप्पा, आता ऐका. चारला साखर चढलेली दिसली की गुऱ्हाळ बंद. काहिलीपाशी जायचं नाही. घरी बसायचं."

"आन् न्हाई दिसली तर?"

"तर मी परत बोलणार नाही."

आप्पांनी शर्टाची बाही वर केली आणि दंड माझ्यापुढं केला. डोळे मिटले नाहीत. काहिलीकडे बघावं तसे माझ्या हाताकडे बघत राहिले. लावून झाल्यावर एवढंच म्हणाले, "सिस्टर, ह्यो खोटं बोलत न्हाई ना?"

"नाही," मी म्हणाले.

तिसऱ्याच दिवशी मी त्यांचा आलेख माझ्या मोबाइलवर उघडला आणि खुर्चीत सरळ झाले. चारच्या सुमारास रेघ वर गेलीच नव्हती. खाली गेली होती. पट्ट्याच्या खाली, अठ्ठावन्न. आणि त्याच वेळेचा, संदीपनं मला पुढं पाठवलेला फोटो होता दोनशे चौऱ्याहत्तरचा.

बोट आणि बिल्ला यांच्यात थोडा फरक असतो. बिल्ला जरा मागून येतो, दहा-पंधरा मिनिटं. पण अठ्ठावन्न आणि दोनशे चौऱ्याहत्तर हा फरक नव्हे, या दोन वेगळ्या माणसांच्या साखरा झाल्या. मी निळी वही काढली आणि संशयितांची यादी केली. बिल्ल्याच्या कुशीवर झोपलं की रेघ खोटी खाली जाते. पण चारला आप्पा झोपत नाहीत, खोडलं. घामानं चकती सैल झाली असेल. चुलाणाची धग लागत असेल. मग फोन लावला.

"आप्पा, चारच्या सुमाराला चक्कर, थरथर, जास्तीचा घाम असं काही?"

"घाम? अवं, चुलाणाम्होरं उभं राहून घाम न्हाई आला तर मानूस मेला समजायचं."

"हात थरथरतात?"

"जरा. वय झालं."

"बोट टोचण्याआधी हात धुता?"

"धुतो की. तुमच्या यादीत पयलंच हाय ते."

बोट टोचायला शिकवताना मी एक छापील यादी देते. पहिली ओळ: हात धुवा. शेवटची ओळ: बिल्ल्याच्या आकड्याची शंका आली तर बोटाचा आकडा खरा धरा. मी पहिल्या ओळीवर बरोबरची खूण केली आणि शेवटच्या ओळीप्रमाणे वागले. वहीत लिहिलं, "बिल्ला धगीमुळे चुकतो आहे, बदलावा." आणि त्याखाली, लिहू नये ते, "गूळ?"

ते पान अजून वहीत आहे. फाडलं नाही. कारण त्यानंतर आणखी दोन दुपारी तो माणूस उकळत्या काहिलीपासून हातभर अंतरावर उभा होता, आणि मी नियमाप्रमाणे निवांत होते.

मंगळवारी सकाळीच गुऱ्हाळाच्या चरकाचा पट्टा तुटला. दोन दिवस काम बंद. बुधवारी ताराकाकूंचा फोन आला.

"सिस्टर, एक इचारू का? दोन दिस घरी हायत, तर मानूस गरीब गाईवानी. खेकसनं न्हाई, काय न्हाई. आन् ते बोटाचं आन् बिल्ल्याचं, दोन्ही सारखंच येतंय वो. चौऱ्याऐंशी आन् अठ्ठ्याऐंशी. असं कसं?"

असं कसं, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. तो काकूंनी विचारला. बिल्ला बिघडला असता तर घरीही बिघडलेलाच राहिला असता. म्हणजे जे काही होत होतं ते गुऱ्हाळावर होत होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. पट्टा बसला होता, चुलाण पेटलं होतं. यवतचे पेशंट आटोपले, शेजारच्या मेडिकलवाल्यांची स्कूटी मागून घेतली आणि पिशवी भरली. नवा मीटर, रक्त तपासायच्या पट्ट्यांची न उघडलेली डबी, थर्मामीटर, साबणाची वडी, पाण्याची बाटली, दोन रुमाल. साबण आणि पाणी मी नेलं ते माझ्या हातांसाठी. गुऱ्हाळावर गेलं की सगळं चिकट होतं, म्हणून.

राहूच्या अलीकडेच वास लागतो. उसाचा कच्चा, चिपाडांच्या धुराचा आणि सगळ्यांच्या वर पाकाचा, ज्या वासानं मधुमेहाच्या समुपदेशकाच्याही तोंडाला पाणी सुटतं. आप्पा काहिलीपाशी उभे होते. डोक्याला टॉवेल, हातात लांब दांड्याचं फावडं. चुलाणात चिपाडं घालायला उत्तर प्रदेशातला रामसेवक होता.

"आल्या का तपासायला?" आप्पा हसले, पण डोळ्यांत जरा थकवा होता. "बघा, समदं बघा. खिसं बी बघा."

मी आधी थर्मामीटर त्यांच्या उभं राहायच्या जागी धरला. गरम होतं, पण बिल्ल्याला बाधावं इतकं नाही. चकती दंडाला घट्ट होती. दोन संशयित खोडले. मग वाटलं, पट्ट्या दमट झाल्या असतील. म्हणून माझा नवा मीटर काढला आणि आप्पांना म्हणाले, "रोज करता तसंच करा. काही बदलू नका."

त्यांनी शेजारच्या बादलीत दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले, एकमेकांवर चांगले चोळले, टॉवेलला पुसले आणि बोट पुढं केलं. सगळं यादीप्रमाणे. टोचलं, थेंब पट्टीला लावला. दोनशे एकाहत्तर. नवा मीटर, नवी पट्टी, माझ्या डोळ्यांदेखत. मोबाइलवर बिल्ला सांगत होता त्रेसष्ट, आणि शेजारचा बाण खाली वळलेला.

मी दोन्ही आकड्यांकडे आळीपाळीनं बघत होते, तेवढ्यात रामसेवकनं हाक मारली, "अप्पा, देख लीजिए!"

आप्पा मला विसरले. फावड्याच्या टोकावरून पाकाचा थेंब घेतला, बादलीत सोडला, पाण्यातच बोटांनी वळला, गोळी काठावर आपटली. कान दिला. "अजून थोडं," म्हणाले, आणि पाकाचा हात त्याच बादलीत खळबळला.

त्याच बादलीत.

मी जवळ गेले. पाणी कोऱ्या चहासारखं दिसत होतं.

"आप्पा, हे पाणी कधीचं?"

"दुपारचं. जेवताना बदलतो की."

मी बादलीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. चाळीस वर्षांच्या गुळव्यानं जे तीन वर्षांत केलं नव्हतं ते मी अर्ध्या मिनिटात केलं. गोड! पातळ काकवीच ती.

आप्पा खोटं बोलत नव्हते. ते रोज हात धूत होते, अगदी निगुतीनं, गुळाच्या पाण्यात. पाण्यातली साखर बोटाच्या कातडीवर वाळायची आणि रक्ताच्या थेंबात मिसळायची. मीटरला काय कळणार, यातली आप्पांची साखर कोणती आणि उसाची कोणती? थेंब केवढासा असतो. त्याला बिघडवायला गुळाचा कणसुद्धा जास्त होतो. आणि टॉवेलही दिवसभर त्याच हातांना पुसत असलेला.

मी बाटली आणि साबण काढला. आप्पांचे हात शाळकरी पोराचे धुवावेत तसे धुतले, माझ्या रुमालानं पुसले, दुसरं बोट टोचलं. सहासष्ट.

आधी मला हसू आलं, मग औषधाची गोळी आठवली. साखर चढलेली समजून आम्ही गोळी दोनदा वाढवली होती. ती साखर मुळात चढलीच नव्हती. रोज चारला ती उतरत होती, घाम धगीच्या नावावर जात होता, थरथर वयाच्या नावावर आणि चिडचिड कालवणाच्या मिठावर.

"आप्पा, आधी मागं या. त्या बाजेवर बसा."

"अवं, काहील यायला झालीय!"

"बसा म्हणते ना!"

माझा आवाज रामसेवक दचकेल इतका चढला. आप्पा बसले. आणि मग मी ते वाक्य बोलले, जे अकरा वर्षांत कुठल्याही पेशंटला बोलले नव्हते. "आप्पा, गूळ खा."

सगळं गुऱ्हाळ माझ्याकडे बघायला लागलं.

"न्हाई," आप्पा म्हणाले.

"साखर कमी झालीय तुमची. लिंबाएवढा खडा खा, आत्ता."

"न्हाई. तीन वर्सं न्हाई खाल्ला, आन् बिल्ला लावलेला असताना खाऊ? रेघ वर जाईल. संदीप म्हनंल, बघा, धरला."

मी कपाळावर हात मारला. रामसेवक हात जोडून म्हणाला, "खा लीजिए अप्पा, मैडम बोल रही हैं." आप्पांनी तोंड फिरवलं. वाद घालायला वेळ नव्हता. मी संदीपला फोन लावला. तो शिफ्टवर होता, मागं मशीनचा आवाज. दोन वाक्यांत सगळं सांगितलं. बादली, दोनशे एकाहत्तर, सहासष्ट. तो म्हणाला, "द्या त्यांना."

मी स्पीकर चालू केला.

"आप्पा, गूळ खा."

"आधी म्हन, आप्पा खोटं बोलत नव्हते."

"आप्पा, आधी खा, मग काय ते..."

"म्हन."

"नव्हता बोलत. चुकलं माझं."

"मोठ्यांदा. हितं मशीन चालू हाय."

"आप्पा खोटं बोलत नव्हते!" संदीप ओरडला. त्याच्या लाइनवरच्यांनीही ऐकलं असणार. गुऱ्हाळावरचे तर टाळ्याच वाजवायला लागले.

सकाळच्या ढेपेतला खडा रामसेवकनं आणून दिला. आप्पांनी तो तोंडात टाकला आणि डोळे मिटले. दंडाला बिल्ला लावताना न मिटलेले डोळे. तेवढ्यात काहिलीपाशी दुसऱ्या गड्यानं गोळी वळून काठावर आपटली. आप्पांच्या तोंडात गूळ, बोलता येईना. त्यांनी डोळे न उघडता नुसता एक हात वर केला. थांबा. पुन्हा गोळी, पुन्हा आवाज. हात वरच. तिसऱ्या आवाजाला हात झपकन खाली आला आणि चार माणसांनी काहील ओढून पाक थंड करायच्या वाफ्यात ओतला. माझ्या मीटरनं जे जमलं नव्हतं, ते या माणसाचा कान वीस पावलांवरून, साखर सहासष्ट असताना करत होता.

"कसा आहे?" मी विचारलं. मला म्हणायचं होतं, जीव कसा आहे.

आप्पांनी खडा या गालातून त्या गालात नेला. "सकाळची काहील," ते गंभीरपणे म्हणाले, "जरा लवकर उतारली."

पंधरा मिनिटांनी साखर त्र्याण्णव झाली. मग त्यांना चटणी-भाकरी खायला लावली. डॉक्टरांना तिथूनच फोन केला. ते म्हणाले, "गोळी पहिल्याएवढी करा, आजपासून. आणि सिस्टर, दोनदा वाढवली ती मी."

"माझ्या आकड्यांवर," मी म्हणाले.

आम्ही दोघांनी ते तेवढ्यावरच ठेवलं. पण ती दुपार आठवली की अजून मला उकळत्या काहिलीचा काठ आधी दिसतो आणि टाळ्या नंतर ऐकू येतात.

उरलेल्या दिवसांत रेघ चारच्या सुमारास हिरव्या पट्ट्यातून जाऊ लागली, हायवेवर आपली लेन धरून चाललेल्या गाडीसारखी. चौदाव्या दिवशी आप्पा, काकू आणि संदीप यवतला आले. या वेळी आप्पा मधे नव्हते, पुढं होते. मी बिल्ला काढला, छापील आलेख त्यांना दिला. त्यांनी तो उलटसुलट बघितला आणि काकूंकडे दिला. "घे. देव्हाऱ्यात ठेव. ह्यात लिव्हलंय, मी साव हाय."

"आन् मीठ?" काकू म्हणाल्या.

"ते ह्यात येत न्हाई."

संदीपनं मला बाहेर गाठलं. गुऱ्हाळाबद्दल आता काय करायचं, असं विचारत होता. मी म्हटलं, चारला भाकरी, खिशात गोळ्या-बिस्किटाची पुडी, आणि हात धुवायला स्वच्छ पाणी. त्यानं मोबाइलमध्ये ते टिपून घेतलं, एक-दोन-तीन आकडे घालून. मला मुलगा आवडला.

माझ्या छापील यादीची पहिली ओळ आता अशी आहे: "हात साबणानं, वाहत्या पाण्याखाली धुवा. काहिलीजवळच्या बादलीत नको." डॉक्टर म्हणाले, दुसरं वाक्य काढा, शिरूरच्या बाजारपेठेतल्या माणसाला काय कळणार. मी ठेवलं. कारण रोज कुणीतरी विचारतंच, "सिस्टर, ही काहील मध्येच कुठून आली?" आणि मग मी हे सगळं सांगते. एका हलवायानं ते ऐकून स्वतःच्या बोटांकडे बघितलं, उठला आणि बेसिनकडे गेला. आणि मी माझा जुना प्रश्न अजून विचारतेच, पण आता उत्तर ऐकल्यावर हसायच्या आधी थांबते. क्वचित लोक खरंही सांगतात.

यंदा गुऱ्हाळ सुरू झालं तेव्हा मी मुद्दाम राहूला जाऊन आले. आप्पा आपल्या जागी उभे होते. पाकाची बादली होती तिथंच होती, तसलंच कोऱ्या चहासारखं पाणी. पण पलीकडच्या खांबाला नळ बसवलेला एक निळा ड्रम आला होता, साखळीला बांधलेला साबण आणि वर खुंटीला कोरा टॉवेल. ड्रमवर कंपनीत लावतात तसली पिवळी पट्टी होती आणि तिच्यावर संदीपच्या ठसठशीत अक्षरात:

"आप्पांचे हात. इतर कामासाठी वापरू नये."